दोन धन्यांचा शिक्षक

इंग्लंडातील अध्यापक-प्रशिक्षणाचा इतिहास कधीच न उघडलेल्या एका शाळेपासून सुरू होतो. प्राथमिक शाळांना लायक मास्तर मिळावेत, या हेतूने १८३९ साली प्रिव्ही कौन्सिलच्या नव्या शिक्षण-समितीने सर्व पंथांच्या उमेदवारांना खुले असे एक सरकारी नॉर्मल स्कूल काढण्याचा मनसुबा जाहीर केला. परंतु तेथे धर्मशिक्षण कोणी, कोणते आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यावयाचे, या एकाच प्रश्नावरून अँग्लिकन धर्माधिकारी, त्यांच्याहून भिन्न मताचे पंथ आणि पार्लमेंटातील पक्ष यांच्यात असे काहूर माजले, की सरकारला तो बेत मुकाट्याने गुंडाळावा लागला. मुलांच्या शाळेवर इतकी तेढ माजली नव्हती, जितकी मास्तरांच्या शाळेवर माजली. आणि ते स्वाभाविकच होते, कारण एक शाळा हाती आली तर एका गावची मुले हाती येतात, मास्तर घडविण्याची शाळा हाती आली तर शंभर गावांची येतात, हा हिशेब धर्ममार्तंडांना आणि मुत्सद्द्यांना सारखाच ठाऊक होता. सरकारने माघार घेतल्यावर जी वहिवाट पडली ती अशी, की इमारत व शिस्त चर्चची, अनुदान व तपासणी सरकारची. आणि ज्याला शिकवायचे तो उमेदवार दोघांचाही.

ही वहिवाट पुढे अनेक देशांत पसरली. ख्रिस्ती विद्यापीठात शाळाशिक्षक होण्याचे शिक्षण घेणे, या एकाच शब्दप्रयोगाखाली आज निदान तीन निरनिराळ्या व्यवस्था मोडतात : इंग्लंडातील चर्चने स्थापिलेली पण सार्वजनिक स्वरूपाची विद्यापीठे, अमेरिका व कॅनडा येथील, श्रद्धेचे प्रतिज्ञापत्र मागणारी पंथीय विद्यापीठे, आणि भारतातील, सरकारी विद्यापीठाशी संलग्न अशी ख्रिस्ती संस्थांची अध्यापक महाविद्यालये. या तिहींची सरमिसळ करून जो वाद घातला जातो त्यात पुष्कळदा एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला होते. सबब तिन्हींचा वृत्तान्त वेगवेगळा पाहणे इष्ट.

सरकारी बेत फसल्यावर त्या समितीचे चिटणीस डॉ. जेम्स के, जे पुढे के-शटलवर्थ या नावाने प्रसिद्धीस आले, त्यांनी आपले सहकारी टफनेल यांच्यासह पदरमोड करून लंडनजवळ बॅटर्सी येथे १८४० मध्ये एक प्रशिक्षण-शाळा काढली. स्वित्झर्लंडात पेस्टालोझी व फेलेनबर्ग यांच्या परंपरेत चाललेल्या शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि गरिबांच्या मास्तराने गरिबांसारखे राहावे, हा धडा तेथून ते घेऊन आले होते. त्यामुळे बॅटर्सीचे उमेदवार पहाटे उठत, बागेत कुदळ चालवीत, घरकाम स्वतः करीत, साधे कपडे वापरीत आणि उरलेल्या वेळात अध्यापनशास्त्र शिकत. पैसा अपुरा पडल्यामुळे १८४३ अखेर ती शाळा अँग्लिकन चर्चच्या नॅशनल सोसायटीच्या स्वाधीन झाली. त्याच सोसायटीने चेल्सी येथे १८४१ साली काढलेल्या सेंट मार्क्स कॉलेजात मात्र हवा निराळी होती. तेथील मुख्य डरवेंट कोलरिज, सुप्रसिद्ध कवीचे चिरंजीव, यांच्या मते मास्तर हा प्रथम सुसंस्कृत मनुष्य असला पाहिजे. म्हणून त्यांच्या कॉलेजात लॅटिन होते, संगीत होते आणि चॅपेलमध्ये नित्य गायनयुक्त उपासना होती. इतके शिकलेला माणूस खेडेगावात नांगरट्याच्या पोरांना मुळाक्षरे शिकवीत सुखाने बसेल काय, असा टीकाकारांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. तथापि मला कोलरिजचीच बाजू अधिक सयुक्तिक वाटते, कारण मास्तराला नम्र ठेवण्यासाठी अर्धवट शिकवावे, या विचारात मास्तराविषयीची तुच्छता दडलेली असते, आणि ती मुलांपर्यंत पोचल्यावाचून राहत नाही. सेवक की सुसंस्कृत पुरुष, हा बॅटर्सी आणि चेल्सी यांमधला वाद आजही ख्रिस्ती प्रशिक्षण-संस्थांच्या ध्येयपत्रकांत, निराळ्या शब्दांत, चालूच आहे. त्याची मुळे त्याहूनही जुनी आहेत. फ्रान्सात रेम्स येथे जाँ-बातिस्त द ला साल या धर्मगुरूने १६८५ च्या सुमारास ग्रामीण मास्तरांसाठी जी संस्था काढली, ती युरोपातील अध्यापक-विद्यालयांची आद्य जननी मानली जाते.

व्हिक्टोरियन काळात ही कॉलेजे झपाट्याने वाढली. १८४६ च्या सरकारी ठरावांनी तेराव्या वर्षी मुलाला वा मुलीला पाच वर्षे शिकाऊ शिक्षक म्हणून नेमण्याची आणि पुढे परीक्षा देऊन राणीच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात जाण्याची वाट घालून दिली. गरिबाच्या हुशार मुलाला समाजात वर चढण्यासाठी त्या काळी जे थोडे जिने होते त्यांपैकी हा एक होता. मुलींच्या बाबतीत तर त्याचे महत्त्व शतगुणित होते. पण या जिन्याच्या पायऱ्या घोकंपट्टीच्या होत्या. डिकन्सने १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये नवशिक्षित मास्तराची जी खिल्ली उडविली ती याच साच्यातून निघालेल्या मास्तराची, आणि टॉमस हार्डीने ‘ज्यूड दि ऑब्स्क्युअर’मध्ये आपल्या नायिकेला ज्या प्रशिक्षण-कॉलेजाच्या कडक पहाऱ्यातून पळून जायला लावले, ते त्याने ज्या सॉल्झबरीच्या कॉलेजावरून चितारले तेथे त्याच्या सख्ख्या बहिणी शिकल्या होत्या. खिडक्या, दारे, वेळापत्रक, भेटीला येणारे नातलग, या साऱ्यांवर नजर ठेवणे म्हणजेच चारित्र्य घडविणे, अशी त्या संस्थांची प्रामाणिक समजूत होती.

१८७० च्या फॉर्स्टर कायद्याने स्थानिक बोर्डांच्या शाळा निघाल्या, आणि त्यांत कोणत्याही पंथाचे खास प्रश्नोत्तर-पुस्तक शिकवू नये असे कूपर-टेंपल कलम बसले. आता पेच उभा राहिला : शाळा पंथनिरपेक्ष, पण तिच्यासाठी मास्तर तयार करणारी बहुतेक कॉलेजे पंथीय. १८९० पासून विद्यापीठांशी जोडलेल्या, वसतिगृहाची सक्ती नसलेल्या दिवसाच्या कॉलेजांना परवानगी मिळाली, तेव्हा पेच थोडा सैल झाला. परंतु सरकारी पैशावर चालणाऱ्या चर्चच्या कॉलेजाने अन्य पंथीय उमेदवाराला दाराबाहेर ठेवावे काय, हा प्रश्न सुटला नव्हता. १९०७ साली लिबरल सरकारच्या शिक्षणखात्याने हुकूम काढला, की केवळ धर्ममतावरून कोणाचाही अर्ज नामंजूर करता येणार नाही. चर्चने गहजब केला, शिष्टमंडळे गेली, आणि दुसऱ्याच वर्षी खात्याने निम्म्या जागांवर तडजोड केली. हा ‘निम्म्या’चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्यात तत्त्व कोणतेच नाही, पण दोन दावेदारांना एकमेकांचे तत्त्व अमान्य असले म्हणजे गणितच पंच होते, आणि हाच आकडा पुढे दुसऱ्या खंडात, दुसऱ्या राज्यघटनेखाली, पुन्हा भेटणार आहे.

यापुढची इंग्लंडातील कथा संघर्षाची कमी आणि विलयाची अधिक आहे. रॉबिन्स समितीच्या १९६३ च्या अहवालानंतर प्रशिक्षण-कॉलेजे शिक्षण-महाविद्यालये झाली, बी.एड. ही पदवी आली. सत्तरच्या दशकात मुलांची संख्या घटताच सरकारने मास्तरांची भरती आखडली, आणि चर्चची अनेक कॉलेजे बंद पडली किंवा दुसऱ्यांत मिसळली. जी तगली त्यांनी आपला विषयविस्तार वाढविला, आणि चेस्टर, विंचेस्टर, चिचेस्टर, १९६२ साली स्थापन झालेले कँटरबरी क्राइस्ट चर्च, तसेच अँग्लिकन व कॅथलिक कॉलेजांच्या मीलनातून झालेले लिव्हरपूल होप ही सारी २००५ साली विद्यापीठे झाली. आज तेथे पदव्युत्तर प्रशिक्षण घेणाऱ्या छात्राध्यापकाच्या वर्षाचा मोठा भाग, सुमारे १२० दिवस, प्रत्यक्ष शाळांत जातो. विद्यापीठाने शिफारस करावयाची आणि पात्र शिक्षकाचा दर्जा सरकारने द्यावयाचा, अशी रीत आहे. मुसलमान, हिंदू वा निरीश्वरवादी विद्यार्थ्याला प्रवेशाला अडकाठी नाही. कॅथलिक शाळेत धर्मशिक्षण द्यायचे असेल तर त्याचे निराळे प्रमाणपत्र आहे, ज्याला हवे त्याने ते घ्यावे. ख्रिस्तीपणा उरला आहे तो स्थापनेच्या सनदेत, नियामक मंडळाच्या काही जागांत, चॅपेलच्या घंटेत, आणि इंग्लंडातील सुमारे एक चतुर्थांश प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या असल्यामुळे त्यांना मास्तर पुरविण्याच्या व्यवहारात. काहींना हा ऱ्हास वाटतो. मला वाटते, दीडशे वर्षे एका ताटात जेवल्यावर दोन धन्यांच्या सवयी एकसारख्या होतात, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख विद्यापीठांच्याही आधी, मिशनच्या शाळांतून झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरास जाऊन त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी नगरची ती शाळा पाहिली आणि तिने प्रेरित होऊन १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे व पुण्याच्या मिचेलबाईंच्या नॉर्मल वर्गात घेतले, असे चरित्रकार सांगतात. येथे घडले ते मिशनऱ्यांच्या हिशेबात न बसणारे होते : प्रशिक्षणाची कला घेतली गेली, धर्म घेतला गेला नाही, आणि त्या कलेने जे उभे राहिले ते ना चर्चचे होते ना सरकारचे. ख्रिस्ती संस्थेत शिकलेली शिक्षिका ख्रिस्ती मताची वाहक होणारच, असे मानणाऱ्या मिशनरी उत्साहाला आणि सनातनी भीतीला या एकाच उदाहरणाने उत्तर मिळते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मात्र इतके सोपे नाही, आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे. १८८३ साली वाँटेज येथील भगिनीमठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकत असतानाच संस्कृत शिकवीत होत्या. शिकवण्याच्या बाबतीत सुद्धा आपली मर्यादा धर्माधिकाऱ्यांनी आखून द्यावी, हे त्यांना रुचले नाही; या बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकविणे हिंदुस्थानातील तिच्या कार्याला बाधक होईल, असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांकडून आला तेव्हा त्यांनी बील व भगिनी यांच्याशी जो पत्रव्यवहार केला तो आज्ञाधारक नवदीक्षिताचा नव्हे, तर सद्सद्विवेक हाच आपला परवाना मानणाऱ्या विदुषीचा आहे. पुढे अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची, असा संकेत होता, व न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते. रमाबाई कोणालाही प्रार्थनेला बोलावीत नसत. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि मुली आपण होऊन आत येऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले आणि सल्लागारांनी अंग काढून घेतले. सक्ती नव्हती, उपदेश नव्हता, करार मोडला असे म्हणावे तर कोणते कलम मोडले ते दाखवता येत नव्हते; आणि तरीही शिक्षिकेच्या श्रद्धेचा परिणाम झाला होता. शिक्षकाचे मत आणि त्याचे वर्तन यांत रेघ ओढावी, असे जे पुढे कॅनडाच्या न्यायाधीशांनी सांगितले, त्या रेघेवर रमाबाईंचे ते दार नेमके उभे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयावरचा सर्वांत बोधप्रद झगडा मुंबई राज्यातच उद्भवला, आणि त्याची आठवण आज शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा वकिलांनाच अधिक आहे. खेडा जिल्ह्यातील बोरसद येथे गुजरात-काठेवाडातील प्रेसबिटेरियन ख्रिस्ती समाजाची एक संस्था बेचाळीस प्राथमिक शाळा आणि त्यांना शिक्षक पुरविणारे मेरी ब्राऊन स्मारक प्रशिक्षण-कॉलेज चालवीत होती. खर्च आयरिश मिशनच्या देणग्या, फी आणि सरकारी अनुदान यांतून भागत असे. १९५५ साली मुंबई सरकारच्या शिक्षणखात्याने फर्मान काढले, की खाजगी प्रशिक्षण-कॉलेजांनी शेकडा ऐंशी जागा सरकारने पाठविलेल्या शिक्षकांसाठी राखून ठेवाव्यात. संस्थेने हरकत घेतली तेव्हा अनुदान व मान्यता दोन्ही काढून घेण्याची तंबी मिळाली. सरकारची बाजू निव्वळ अरेरावीची होती असे म्हणता येणार नाही. लाखो मुले शाळेत येत होती, प्रशिक्षित शिक्षकांची वाण होती, आणि ज्या कॉलेजाला आपण पैसे देतो त्याने आपले मास्तर शिकवावेत, ही अपेक्षा कोणत्याही खातेप्रमुखाच्या मनात येईल अशीच होती. परंतु ऐंशी टक्के परके बसविल्यावर त्या बेचाळीस शाळांसाठी कॉलेजात जागा किती उरणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली संस्थेच्या बाजूने निकाल दिला. अल्पसंख्याकांना संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिलेला संस्था चालविण्याचा हक्क नुसता देखाव्याचा नाही. सरकारचा नियम वाजवी असला पाहिजे आणि शिवाय त्या संस्थेचे शैक्षणिक स्वरूप सुधारणारा असला पाहिजे. राष्ट्राला त्याचा उपयोग होतो एवढ्याने तो वैध ठरत नाही, असा त्या निवाड्याचा आशय आहे.

या निवाड्यात एक गोष्ट सहज निसटते. न्यायालयाने सरकारला कॉलेजाच्या दारातून मागे सारले, वर्गातून नव्हे. अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता, आरोग्य, शिस्त, परीक्षा यांवरील नियंत्रण सरकारकडेच राहिले. संविधानानेही हीच विभागणी अन्यत्र केली आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदान्वये सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून धर्मोपासनेस बसविता येत नाही. एकोणतिसाव्यान्वये अनुदानित संस्थेत केवळ धर्मावरून प्रवेश नाकारता येत नाही. आणि तिसावा अनुच्छेद तर अल्पसंख्याकांना आपली संस्था आपली ठेवू देतो. या शेवटच्या दोन अनुच्छेदांची कुस्ती दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजाच्या खटल्यात १९९१ साली लागली, आणि न्यायालयाने तोड काढली ती पन्नास टक्क्यांची. लंडनच्या शिक्षणखात्याने १९०८ साली ज्या आकड्यावर सुटका करून घेतली होती, तोच! पुढे २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात हा ताठर आकडा सोडून देण्यात आला आणि प्रमाण ठरविणे परिस्थितीवर सोपविण्यात आले. आज मुंबईचे १९५३ साली निघालेले सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन घ्या किंवा पणजीचे निर्मला इन्स्टिट्यूट घ्या, व्यवस्थापन ख्रिस्ती, पदवी विद्यापीठाची आणि अभ्यासक्रमाची चौकट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे होऊन शाळेतील आंतरवासिता वीस आठवड्यांची झाली, ती सर्वांनाच सारखी. पाठटाचणाला धर्म नसतो. मिशनच्या वारशाचा खरा अंश जर कोठे उरला असेल, तर तो सराव पाठाच्या वेळी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून निरीक्षण-वहीत फळ्यावरील अक्षरापासून प्रश्नांच्या क्रमापर्यंत सारे टिपणाऱ्या अध्यापकाच्या काटेकोरपणात. आणि तोही आता सगळीकडे सारखाच दुर्मिळ होत चालला आहे.

अमेरिकेत प्रश्नाला निराळेच वळण मिळाले. तेथील राज्यघटना सरकारी शाळेत धर्मोपासना चालू देत नाही, परंतु खाजगी पंथीय विद्यापीठांना शिक्षक-प्रशिक्षण चालविण्यास मज्जाव करीत नाही. राज्य त्यांच्या अभ्यासक्रमाला मान्यता देते, परवान्याची परीक्षा घेते, आणि बाप्टिस्ट वा कॅल्विनपंथीय विद्यापीठातून निघालेला पदवीधर उद्या सरकारी शाळेत गणित शिकवू लागतो. बहुसंख्य ठिकाणी यातून कोणताही बखेडा होत नाही. लुथरन पंथाच्या मिसुरी सिनडने मात्र एकोणिसाव्या शतकापासून, इलिनॉय राज्यातील अॅडिसन येथे १८६४ साली उभ्या केलेल्या शिक्षक-सेमिनारीपासून, शिक्षकाचे काम हे धर्मसेवेचेच एक पद मानले. त्यांच्या शाळांत दोन प्रकारचे शिक्षक असतात : करारावर नेमलेले, आणि धर्मशास्त्राचा नेमलेला अभ्यास पुरा करून मंडळीकडून ‘पाचारण’ झालेले. वर्गात दोघांचे काम जवळजवळ एकच. मिशिगन राज्यातील अशा एका शाळेने पाचारण झालेल्या शिक्षिकेला आजारपणानंतर कामावरून काढले, तिने अपंगत्वविषयक कायद्याचा आधार घेतला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एकमताने निर्णय दिला, की ती धर्मसेवक असल्यामुळे तिला नेमण्या-काढण्यात सरकारला हात घालता येणार नाही. त्या निर्णयाची कारणे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते : तिचे धर्मशास्त्राचे शिक्षण, तिची पदवी आणि तिने स्वीकारलेले ते पाचारण हीच तिच्या विरुद्ध गेली. जितके अधिक शिक्षण, तितके कमी संरक्षण! २०२० साली कॅलिफोर्नियातील कॅथलिक शाळांच्या खटल्यांत तर न्यायालयाने असे विशेष शिक्षण नसलेल्या शिक्षिकांनाही तोच न्याय लावला, कारण त्या वर्गात धर्म शिकवीत होत्या. ख्रिस्ती विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या तरुण मुलामुलींना हे कोणी प्रवेशाच्या वेळी समजावून सांगते की नाही, अशी मला रास्त शंका आहे. धर्मकार्य म्हणून पत्करलेल्या नोकरीत नोकराचे हक्क शिल्लक राहतात की नाहीत, याचे उत्तर त्यांना माहितीपत्रकात नव्हे, कोर्टात मिळते.

आता कॅनडाच्या खटल्याकडे वळू, कारण प्रस्तुत प्रश्न त्याच्या संपूर्ण नग्न स्वरूपात तेथेच न्यायालयापुढे आला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील लँगली येथे इव्हँजेलिकल फ्री चर्चच्या मंडळींनी १९६२ साली काढलेले ट्रिनिटी ज्युनिअर कॉलेज १९८५ साली ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठ झाले. तेथील शिक्षणशाखेचे विद्यार्थी चार वर्षे आपल्या विद्यापीठात घालवीत व पाचवे, प्रत्यक्ष अध्यापनाचे, वर्ष सायमन फ्रेझर या सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखाली पुरे करीत. १९९५ साली विद्यापीठाने पाचही वर्षे आपल्याच हाती घेण्यासाठी प्रांताच्या कॉलेज ऑफ टीचर्सकडे दरखास्त केली. नावात कॉलेज असले तरी ही शिक्षकांना परवाना देणारी वैधानिक संस्था होती. तपासणी-पथकाने अनुकूल अहवाल दिला, परंतु संस्थेच्या कौन्सिलने अर्ज फेटाळला. कारण विद्यापीठाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला व अध्यापकाला ज्या आचारपत्रकावर सही करावी लागे त्यात समलिंगी वर्तन हे निषिद्ध, पापरूप आचरणांच्या यादीत होते. असे पत्रक मान्य करणारा शिक्षक सार्वजनिक शाळेतील सर्व मुलांना समभावाने वागवील काय? प्रांताच्या शालेय कायद्याने शाळा कडकडीत धर्मनिरपेक्ष ठेवण्यास सांगितलेले असताना, ही शंका खुसपट म्हणता येण्याजोगी नव्हती.

खालच्या दोन्ही न्यायालयांत विद्यापीठ जिंकले, आणि मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आठ विरुद्ध एक मतांनी त्याचीच बाजू उचलून धरली. बहुमताचे म्हणणे असे : श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य श्रद्धेनुसार कृती करण्याच्या स्वातंत्र्याहून विस्तृत असते, रेघ ओढायची ती मत आणि वर्तन यांच्यामध्ये, या विद्यापीठातून निघालेल्या एखाद्या शिक्षकाने वर्गात भेदभाव केल्याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही, आणि उद्या कोणी तसे वागलाच, तर त्या शिक्षकाला शिस्तभंगाची शिक्षा करता येईल. न्यायमूर्ती ल्युरे-द्युबे यांनी एकटीने भिन्नमत नोंदविले. मुलाला वर्गात सुरक्षित वाटते की नाही, हाही पुराव्याचाच भाग आहे, आणि माणसाचे वर्तन निषिद्ध ठरवून त्याचा मात्र स्वीकार करतो असे म्हणणे त्या मुलाच्या दृष्टीने पोकळ आहे, असे त्यांच्या मताचे सार सांगता येईल.

बहुमताचे तत्त्व मला ग्राह्य वाटते. शिक्षकाच्या मनात डोकावून परवाना देण्याची प्रथा एकदा पडली, की ती ख्रिस्ती उमेदवारापाशी थांबणार नाही. आज एका मताच्या लोकांना गाळणी लागेल, उद्या दुसऱ्या मताच्या, आणि शेवटी मत नसलेल्यांचीच शाळाखात्यात गर्दी होईल. परंतु तत्त्व बरोबर असूनही पुराव्याचा शोध मात्र उणा राहिला. अवहेलना झालेले बारा वर्षांचे मूल खात्याकडे लेखी तक्रार करीत नसते, तेव्हा तक्रार नाही म्हणजे दोष नाही, असे अनुमान काढणे धोक्याचे. पुरावा अन्यत्र होता : अनेक वर्षे या विद्यापीठाचे छात्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठाच्या देखरेखीखाली सरकारी शाळांत सराव पाठ घेत होते, त्यांच्या पाठांचे अहवाल कोठेतरी दफ्तरात होतेच. कॉलेज ऑफ टीचर्सने आचारपत्रक बारकाईने वाचले; वर्गांतील वागणुकीचा असा एकही दाखला मात्र त्यांनी कोर्टापुढे मांडला नाही. मुद्द्याची गोष्ट अशी, की पाचवे वर्ष सार्वजनिक विद्यापीठाकडे असण्यातच मूळ व्यवस्थेचा शहाणपणा होता : चार वर्षे एका धन्याकडे, पाचवे दुसऱ्याच्या नजरेखाली. विद्यापीठाला ते पाचवे वर्ष आपल्याकडे हवे होते, पण वादाचा भर त्यावर राहिला नाही. भांडण मुख्यतः पहिल्या चार वर्षांतील सहीवर झाले.

सहीचा प्रश्न पुन्हा आला तो कायदेमहाविद्यालयाच्या निमित्ताने. त्याच विद्यापीठाने वकिलीचे शिक्षण सुरू करायचे ठरविले, काही प्रांतांच्या वकिलांच्या संस्थांनी मान्यता नाकारली, आणि जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वेळी सात विरुद्ध दोन मतांनी विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. या सतरा वर्षांत देशात समलिंगी विवाह कायदेशीर झाला होता, आणि वादाचा रोखही बदलला होता : पदवीधर बाहेर जाऊन काय करतील, यापेक्षा आत येऊ इच्छिणाऱ्या समलिंगी विद्यार्थ्याला कोणत्या अपमानाची किंमत देऊन प्रवेश घ्यावा लागेल, हा मुद्दा पुढे आला. २००१ चा निवाडा औपचारिकपणे रद्द झाला नाही. पण त्याच्या पायाखालची जमीन हलली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी आचारपत्रक ऐच्छिक केले. दरम्यान शिक्षकांना परवाना देणारी ती जुनी संस्थाही २०१२ साली मोडीत निघून तिचे काम सरकारी यंत्रणेकडे गेले होते.

लंडन, बोरसद, दिल्ली आणि लँगली येथील वाद शेजारी ठेवून पाहिले, तर सगळीकडे दारावरच झुंज झाली असे दिसते. कोणाला घ्यावे, किती घ्यावे, कोणती सही मागावी. शिक्षक ज्या खोलीत घडतो तिथवर सरकारी निरीक्षक, वकील आणि धर्माधिकारी यांपैकी क्वचितच कोणी पोचले. अमेरिकेतील निवाडे हा एवढाच अपवाद, आणि तेथेही न्यायालयाने नोकरीचा हिशेब पाहिला, मुलाचा नव्हे. लँगलीच्या विद्यार्थ्यांवरची सही आता गेली आहे. अध्यापकांवरची कायम आहे, आणि पाठ कसा घ्यावा, वेगळ्या मुलाशी कसे बोलावे, हे छात्राध्यापक शिकतात ते त्या अध्यापकांकडूनच. तेव्हा पुढला खटला कधी उभा राहिलाच, तर तो प्रवेशाच्या अर्जावर न होता प्राध्यापकांच्या नेमणुकीवर होईल, असे मला वाटते.